तोतया मुख्याध्यापक: ‘द सिम्पसन्स’च्या एका नावडत्या भागाचा बचाव

प्रकरण थोडक्यात

२८ सप्टेंबर १९९७, रविवार. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ‘द सिम्पसन्स’ या ॲनिमेशन मालिकेच्या नवव्या सीझनचा दुसरा भाग लागला, ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’. स्प्रिंगफील्डच्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक सीमोर स्किनर हा मुळात सीमोर स्किनर नाहीच, दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्याची आई घेऊन बसलेला तोतया आहे, असं त्या अर्ध्या तासात उघड झालं. शेवटी न्यायाधीशाने हुकूम काढला आणि सगळं पूर्ववत झालं.

चाहते भडकले. स्किनरला आवाज देणारा नट हॅरी शिअरर भडकला. मालिकेचा जनक मॅट ग्रेनिंग याने हा भाग आपल्या नावडत्या भागांत गणला, त्याला चूक म्हटलं. ठामपणे पाठीशी उभा राहिला तो भागाचा लेखक केन कीलर. त्याने केलेला बचाव आज भागापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे.

हे टिपण त्या बचावाचं आहे. माझं मत आधीच सांगितलेलं बरं: कीलरने आपल्या भागाचा अर्थ बरोबर सांगितला, पण निम्माच सांगितला. उरलेला निम्मा चाहत्यांच्या बाजूचा होता आणि तो त्याच्याच पटकथेत लिहिलेला होता. जी मंडळी जाहीरपणे बोलली त्यांची नावं घेतली आहेत. तक्रारदार प्रेक्षकांची नावं घेतलेली नाहीत, त्यांच्या तक्रारी एकत्र करून मांडल्या आहेत.

पार्श्वभूमी

सिम्पसन कुटुंब १९८७ मध्ये ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमातल्या छोट्या तुकड्यांतून पडद्यावर आलं आणि १७ डिसेंबर १९८९ पासून त्यांची स्वतंत्र मालिका सुरू झाली. मालिकेचा एक अलिखित नियम आहे. कुटुंबातला खोडकर मुलगा बार्ट कायम दहा वर्षांचा. गेल्या आठवड्यात घर जळो, नोकरी जावो की गाव बुडो, या आठवड्यात पाटी कोरी. पात्रांना काही आठवत नाही. प्रेक्षकाला मात्र सगळं आठवतं, आणि या प्रकरणातली ठिणगी तिथेच आहे.

स्किनर सुरुवातीला फक्त बार्टच्या खोड्या झेलणारा हेडमास्तर होता. हळूहळू त्याच्यावर थर चढत गेले. व्हिएतनाम युद्धातून परतलेला शिपाई. चाळिशी ओलांडूनही आई अ‍ॅग्नेसच्या धाकात राहणारा अविवाहित मुलगा. १९९४ मध्ये मालिकेच्या शंभराव्या भागात त्याची नोकरी गेली आणि बार्टलाच त्याची उणीव भासली. १९९६ मध्ये आपला वरिष्ठ, सुपरिंटेंडंट चाल्मर्स, याला घरी जेवायला बोलावून जळलेल्या रोस्टवर थापा मारणारा स्किनर दिसला. तो जेमतेम काही मिनिटांचा तुकडा पुढे इंटरनेटवर अमर झाला. एप्रिल १९९७ मध्ये त्याचं आणि बार्टच्या वर्गशिक्षिकेचं, एडना क्रबापलचं, जुळलं. प्रेक्षकाने या माणसाला नुकतंच प्रेमात पडलेलं पाहिलं होतं. पाच महिन्यांनी त्याला सांगितलं गेलं की हा माणूस कोणी वेगळाच आहे.

सातवा आणि आठवा सीझन बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन या जोडीच्या हाताखाली तयार झाला. आठव्याच्या शेवटाकडे त्यांनी मालिकेचे सांधे ताणून पाहायला सुरुवात केली होती. ४ मे १९९७ च्या भागात फ्रँक ग्राइम्स नावाचा एक कष्टाळू, सरळमार्गी माणूस बार्टचा बाप होमर जिथे काम करतो त्या अणुवीज केंद्रात नोकरीला येतो. होमरसारखा इतका बेफिकीर माणूस इतका सुखात कसा, हे कोडं त्याला सुटत नाही. शेवटी त्याचं डोकं फिरतं आणि तो मरतो. पुढच्याच आठवड्यात सिम्पसन्समधून निघू शकणाऱ्या खोट्या मालिकांच्या तुकड्यांचा भाग आला. तोतया मुख्याध्यापकाचा भागही याच जोडीच्या काळात तयार झाला, पण दाखवला गेला नवव्या सीझनमध्ये. तोवर कारभार माइक स्कलीकडे गेला होता. म्हणजे टीका आली तेव्हा ज्यांनी भागाला हिरवा कंदील दाखवला ते खुर्चीवर नव्हते, आणि जो खुर्चीवर होता त्याचं हे अपत्य नव्हतं. ही साधी कारकुनी गोष्ट वाटते, पण पुढच्या शांततेचं थोडं कारण इथेही असावं असा माझा अंदाज आहे.

कीलर हार्वर्डमधून उपयोजित गणितात पीएच.डी. करून विनोदी लेखनाकडे वळलेला गृहस्थ. भागाची कल्पना त्याला सुचली ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या टिचबोर्न खटल्यावरून. रॉजर टिचबोर्न हा एका श्रीमंत घराण्याचा वारस १८५४ मध्ये जहाजासकट समुद्रात गडप झाला. आईने तो गेल्याचं मानलं नाही. तिने ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. १८६६ मध्ये वागा वागा गावचा एक खाटीक ‘मीच तो’ म्हणत पुढे झाला आणि आईने त्याला पोटचा मुलगा म्हणून जवळ केलं. बाकीचं घराणं अडून बसलं, खटले वर्षानुवर्षं चालले, आणि १८७४ मध्ये दावेदाराला खोट्या साक्षीबद्दल चौदा वर्षांची शिक्षा झाली.

मराठी वाचकाला इथे भाऊसाहेबांचा तोतया आठवल्याशिवाय राहणार नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस पुढे आला, १७७६ मध्ये त्याचं बंड पेटलं आणि नाना फडणवीसांच्या कारभारात त्याला देहदंड झाला. भाऊ गेले हे पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत मान्य केलं नव्हतं. दोन्ही कथांत एक बाई आहे जी मृत्यूची बातमी स्वीकारत नाही. तोतयाला उभं राहायला जागा मिळते ती अशा न स्वीकारण्यातून. कीलरने यात एक फिरकी घातली: माणूस तोतया आहे हे सगळ्यांना कळलं, खरा वारस समोर उभा आहे, तरीही गावाला तोतयाच हवा असेल तर?

भागात घडतं काय

स्किनरच्या मुख्याध्यापकपदाला वीस वर्षं झाल्याचा समारंभ चालू असतो. तिथे एक अनोळखी माणूस येतो आणि सांगतो की खरा सीमोर स्किनर मी आहे. आपला स्किनर ते नाकारत नाही. तो कबूल करतो की आपलं नाव आर्मिन टॅमझेरियन, कॅपिटल सिटीतलं अनाथ, उनाड पोरगं. न्यायाधीशाने सैन्याची वाट दाखवली, व्हिएतनाममध्ये सार्जंट सीमोर स्किनर भेटला, त्याने या उनाडाला माणूस बनवलं. एके दिवशी सार्जंट मेला असं समजलं गेलं. आर्मिन ती बातमी द्यायला स्प्रिंगफील्डला गेला. दारात उभ्या अ‍ॅग्नेसने त्याला सीमोर समजून हाक मारली आणि खरं काही त्याच्या तोंडून बाहेर पडलं नाही. तो त्या घरात राहिला तो राहिलाच.

खरा सार्जंट मेला नव्हता. तो युद्धकैदी होता, नंतर चिनी कारखान्यात वेठबिगार. (त्याला आवाज मार्टिन शीनने दिला आहे. व्हिएतनाम युद्धावरचा, शीनची भूमिका असलेला ‘अपोकॅलिप्स नाउ’ हा चित्रपट पाहिलेल्या अमेरिकन प्रेक्षकाला तो आवाज लगेच ओळखू येतो.) आता तो हक्काचं घर, हक्काची आई आणि शाळा घेतो. आर्मिन गाव सोडून जातो. खऱ्या सीमोरमध्ये खोट काहीच नाही, पण तो कोणाला आवडत नाही. आईच्या धाकात तो राहत नाही, उलट उत्तर देतो. अ‍ॅग्नेसला मुलगा नको असतो, तिला तिचा सीमोर हवा असतो. मग अ‍ॅग्नेस, एडना, सिम्पसन कुटुंब अशी वरात कॅपिटल सिटीला जाते आणि आर्मिनला परत आणते.

आणि खरा सार्जंट? गावकरी त्याला खुर्चीला बांधून रेल्वेच्या उघड्या डब्यावर बसवतात आणि जल्लोषात गावाबाहेर धाडतात. न्यायाधीश स्नायडर फर्मान काढतो: आर्मिनला सीमोर स्किनर हे नाव दिलं जात आहे, त्याच्या भूत, वर्तमान, भविष्यासह आणि आईसह. सगळं पूर्वीसारखं होईल, आणि याचा उल्लेख जो करील त्याचा छळ करण्यात येईल.

अडचण: तक्रारी नेमक्या काय होत्या

सगळ्यात मोठी तक्रार विश्वासघाताची. आठ वर्षं ज्या पात्रात आम्ही मन गुंतवलं ते एका आठवड्यात कचऱ्यात टाकलं. शिअररने २००१ मधल्या एका मुलाखतीत हेच म्हटलं, आणि जास्त कडक शब्दांत. त्याचा सूर असा होता की प्रेक्षकाची एवढ्या वर्षांची गुंतवणूक काही कारण नसताना फेकून दिली, तीही अशा गोष्टीसाठी जी मालिकेने इतर पात्रांना घेऊन आधीच सांगून झाली आहे. याला त्याने प्रेक्षकांचा अपमान म्हटलं. पटकथा हातात आली तेव्हाच लेखकांना आपण विरोध केला होता असंही तो म्हणाला.

ही तक्रार तपासून पाहिली तर थोडी ढिली पडते. जुने भाग मोडतात का? स्किनरची युद्धाची दुःस्वप्नं शाबूत राहतात, कारण आर्मिनही तिथे लढला होता. आईचा धाक शाबूत. वीस वर्षांची शाळा शाबूत. तुटतो तो फक्त रक्ताचा धागा. पण प्रेक्षकाला हिशेब मांडून समजावता येत नाही, हेही तितकंच खरं. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांत एका रात्रीत नायिकेचा चेहरा बदलतो, प्रेक्षक दोन दिवस कुरकुर करून पुढे पाहत राहतो, कारण नटी बदलली तरी ‘सूनबाई’ तीच असते. इथे उलटं झालं. चेहरा तोच, आवाज तोच, चालणं-बोलणं तेच, आणि आतला माणूस मात्र दुसरा आहे असं सांगितलं गेलं. हे पचायला जास्त जड आहे.

दुसरी तक्रार, ही कलाटणी कुठूनही येऊन पडते. आधीच्या एकाही भागात तिची पेरणी नाही. तिसरी शेवटाबद्दल: जर सगळं पुसूनच टाकायचं होतं तर आमच्या जिवाला घोर कशाला लावला? शेवट म्हणजे लेखकाने काढलेला पळ, असं अनेकांचं म्हणणं होतं.

बचाव करणाऱ्यापुढचे पर्याय

अशा वेळी भाग केलेल्या मंडळींपुढे चार-पाच वाटा असतात.

गप्प बसायचं. दर आठवड्याला नवा भाग येतो, लोक विसरतात. विसरभोळेपणावरच उभ्या असलेल्या मालिकेला हे शोभतंही.

‘कार्टून आहे हो, एवढं काय’ म्हणायचं. हा मार्ग सर्वांत वाईट. जो प्रेक्षक एका कार्टूनमधल्या हेडमास्तरासाठी चिडतो, त्याच्या चिडण्यातच लेखकाच्या कामाची पावती असते. ती फाडून त्याच्या हातात द्यायची नसते.

चूक कबूल करून तिचाच विनोद करायचा. माणसं खूश होतात, पण भागाचा बचाव तिथे संपतो. एकदा स्वतःच हसलात की नंतर कोणी त्यात काही गंभीर शोधत नाही.

हेतू समजावून सांगायचा. म्हणजे टिचबोर्नपासून सुरू करून, आम्ही काय करू पाहत होतो ते सांगायचं. यात धोका एवढाच की समजावून सांगावं लागलेल्या विनोदाला कोणी हसत नाही.

तक्रारदाराकडेच आरसा फिरवायचा.

आणि एक वाट अशी, जी कोणी घेतली नाही: तक्रारीचं मूळ मान्य करायचं आणि भागही तेच म्हणतो आहे हे दाखवायचं. तिच्याकडे शेवटी येतो.

प्रत्यक्षात काय केलं गेलं

आधी शांतता. शिअररच्या म्हणण्यानुसार लेखक मंडळी या भागाचा विषयही काढत नसत. मग विनोद. मे २००० मध्ये मालिकेने स्वतःच्याच इतिहासाचा खोटा माहितीपट केला. त्यात मालिका घसरल्याचा, उथळ क्लृप्त्यांवर आणि निरर्थक कथानकांवर गेल्याचा उल्लेख येतो आणि नमुना म्हणून याच भागाचा तुकडा दिसतो. जानेवारी २००४ मधल्या एका भागात बार्टची धाकटी बहीण लिसा हिच्या मांजरी एकामागून एक मरतात. शेवटी ती नव्या मांजरीला जुन्याच मांजरीचं नाव देते, म्हणजे नाव लिहिलेलं खाण्याचं भांडं बदलायला नको. ‘ही तर फसवणूक झाली’ असं स्किनर म्हणतो, तेव्हा लिसा त्याला शांतपणे ‘प्रिन्सिपल टॅमझेरियन’ म्हणते आणि तो मुकाट निघून जातो. छळाची धमकी असताना उल्लेख करायची हिंमत फक्त आठ वर्षांच्या मुलीने दाखवली.

हा विनोद मला मनापासून आवडतो, कारण तो सहज असूनही नेमका आहे. मांजर बदलली तरी नाव तेच ठेवायचं आणि पुढे चालायचं, ही या मालिकेची रीतच आहे. स्किनरचा भाग तीच रीत उघड्यावर आणतो. जो बचाव भाषणातून साधला नाही तो इथे एका संबोधनात साधला आहे.

डिसेंबर २००६ मध्ये नवव्या सीझनचा डीव्हीडी संच आला. त्यातल्या ध्वनिभाष्यात कीलर बोलला. प्रक्षेपणाला नऊ वर्षं उलटून गेली होती. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: हा भाग आहे तसं सगळं आवडणाऱ्या एका गावाबद्दल आहे. स्किनर काही त्यांच्या फार जवळचा नाही, तो एक दुय्यम पात्र आहे. पण कोणीतरी येऊन ‘वस्तुस्थिती अशी नाही’ म्हणतो तेव्हा ते बिथरतात आणि निरोप आणणाऱ्यालाच गावाबाहेर काढतात. भाग दाखवला गेला तेव्हा काय झालं? आहे तसं सगळं आवडणारा एक समुदाय बिथरला. म्हणजे ज्यांना हा भाग आवडत नाही, त्यांच्याबद्दलच हा भाग आहे, आणि हे कोणाच्या लक्षातच आलेलं दिसत नाही.

युक्तिवाद म्हणून हे इतकं चपखल आहे की ऐकणारा आधी हसतो. शिवाय तो खरा आहे. रेल्वेच्या डब्यावर बांधलेला सार्जंट म्हणजे हा भाग, आणि टाळ्या पिटणारी गर्दी म्हणजे चाहते. कीलरने घटना घडण्याआधीच तिचं चित्र काढून ठेवलं होतं.

पण दोन ठिकाणी त्याचा पाय घसरला. एक म्हणजे ‘दुय्यम पात्र’. वर स्किनरचा जो प्रवास सांगितला तो पाहता १९९७ मध्ये त्याला दुय्यम म्हणणं धाडसाचं होतं. मालिकेनेच त्याला मोठा केला होता. स्किनर खरोखरच कोणाला प्रिय नसता तर गाव त्याला परत आणायला गेलंच नसतं. म्हणजे हा दावा भागाच्याच कथेविरुद्ध जातो.

दुसरी घसरण जास्त महत्त्वाची. कीलरच्या मांडणीत गर्दी चूक आहे. भागात मात्र गर्दी जिंकते, आणि निव्वळ क्रौर्याने जिंकत नाही. अ‍ॅग्नेसला आपला खोटा मुलगा हवा आहे कारण वीस वर्षं तोच तिच्या घरी होता. एडनाला तो हवा आहे, बार्टला हवा आहे. रक्ताचा खरा आणि सहवासाचा खरा यांत त्यांनी सहवास निवडला. आता शिअररची तक्रार पुन्हा वाचा: आठ-नऊ वर्षांची गुंतवणूक. अगदी तेच! चाहते म्हणत होते, आम्हाला आमचा स्किनर परत द्या, वर्षं आम्ही त्याच्याबरोबर काढली आहेत. भागातलं गाव शब्दशः तेच म्हणतं, आणि भाग त्याच्या पदरात ते टाकतो. तक्रारदार आणि पटकथा एकाच बाजूला उभे होते, आणि लेखकाने मध्ये भिंत घातली.

यावर एक आक्षेप येईल: मग रेल्वेचं दृश्य इतकं निर्दयी का? ते गावाला शाबासकी देणारं नक्कीच नाही. बरोबर. युद्धकैदेत पिचलेल्या माणसाची अशी पाठवणी पाहून हसू घशातच अडतं. भाग गावाला त्याचा हट्ट पुरवतो आणि त्या हट्टाची किंमत कोण देतो तेही दाखवतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आहेत, म्हणूनच तो भाग माझ्या मनाला लागतो. कीलरने दुसरी सांगितली, पहिली वगळली. चाहत्यांनी दोन्हींपैकी एकही ऐकली नाही.

परिणाम

भागाचं नाव सुधारलं नाही. मालिकेची घसरण कुठून सुरू झाली या कधीच न संपणाऱ्या वादात त्याचं नाव आजही पुढे असतं. ‘टॅमझेरियन’ हा पात्राचा पूर्वेतिहास उधळून लावणाऱ्या कलाटणीचा जणू खुणेचा शब्द झाला. कीलरचं वाक्य मात्र पसरलं. ज्यांनी भाग पाहिलेला नाही त्यांनाही ते ठाऊक असतं. बचाव गाजला आणि आरोपीची शिक्षा तशीच राहिली.

मालिकेला यातून काही झालं नाही. स्किनर स्किनरच राहिला, आई आईच राहिली, फर्मान पाळलं गेलं. कीलर पुढे ‘फ्यूचरामा’ या ग्रेनिंगच्याच दुसऱ्या ॲनिमेशन मालिकेत गेला. २०१० मध्ये त्याने तिथे मनं आणि शरीरं अदलाबदल होण्याचा एक भाग लिहिला आणि प्रत्येक मन आपापल्या शरीरात परत कसं न्यायचं यासाठी एक गणिती प्रमेय सिद्ध करून पडद्यावर मांडलं. कोण कोणाच्या जागी राहतं आहे, हा प्रश्न या माणसाला सोडत नसावा. तिथे त्याने प्रत्येकाला मूळ जागी नेऊन पोचवलं, आणि प्रेक्षक खूश झाले. या निष्कर्षात थोडी गंमत आहे, पण तो मी ताणणार नाही.

ग्राइम्सच्या भागाशी तुलना केली तर परिणाम जास्त स्पष्ट होतो. तो भागही सुरुवातीला अनेकांना रुचला नव्हता. फार काळा, फार कडू अशीच प्रतिक्रिया होती. आज तो मालिकेच्या उत्तम भागांत मोजला जातो. रचना दोन्हींची सारखीच: बाहेरून एक माणूस येतो, गावाचा खोटेपणा बोलून दाखवतो, गाव त्याला संपवतं. मग एकाला माफी आणि दुसऱ्याला नाही, असं का? ग्राइम्सने प्रेक्षकाकडून काही घेतलं नाही. तो आला तसा गेला, होमर होमरच राहिला. सार्जंट स्किनरच्या येण्याने मात्र प्रेक्षकाच्या हातातली एक वस्तू काढून घेतली गेली आणि नंतर परत दिली तरी ती आता जपून धरावी लागते.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाच्या जागा मला चार दिसतात. त्यांतली पहिली, म्हणजे स्किनरलाच निवडणं, मी बदलणार नाही. शाळेचा शिपाई विली किंवा बसचालक ओटो तोतया निघाला असता तर कोणी चिडलं नसतं, आणि भागाला अर्थही उरला नसता. गमवायला काहीतरी असलं तरच गावाचा हट्ट कळतो.

दुसरी जागा प्रक्षेपणाची. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर प्रेक्षक नव्या सीझनकडे आशेने पाहत असतो. पहिल्या दोन आठवड्यांत त्याला आपली ओळखीची मंडळी भेटायला हवी असतात. ग्राइम्सचा भाग आठव्या सीझनच्या शेवटाकडे आला होता, तेव्हा मालिका काहीतरी खेळ करते आहे हे त्या महिन्यातल्या इतर भागांवरूनही कळत होतं. हा भाग त्याच मे महिन्यात आला असता तर प्रयोगांच्या रांगेतला एक म्हणून पाहिला गेला असता. सप्टेंबरमध्ये तो धोरण बदलल्याची घोषणा वाटला.

तिसरी जागा बचावाची वेळ आणि सूर. नऊ वर्षांत मतं गोठून गेली होती. आणि ‘हे तुमच्याबद्दल आहे’ असं ऐकल्यावर कोणीही भाग पुन्हा लावून पाहत नाही, तो उत्तर शोधायला बसतो. याच अर्थाचं दुसरं वाक्य शक्य होतं: तुम्ही जे मागताय तेच अ‍ॅग्नेस मागते, आणि ती जिंकते, जाऊन पाहा. त्याने रेल्वेच्या डब्याची बोच कमी झाली नसती. उलट ज्याने आधी अ‍ॅग्नेसची बाजू घेतली आहे त्याला ती जास्त टोचली असती. शिअररला मात्र या वाक्याने पटलं असतं असं मला वाटत नाही. त्याच्या आक्षेपात नटाचा स्वतःचा घाव होता. वर्षानुवर्षं ज्याच्या घशातून एक माणूस बोलत आला, त्याला तो माणूस खोटा निघाल्याची संहिता वाचायला दिली गेली. त्याला बचाव नको होता, आधी विचारलेलं हवं होतं.

चौथी जागा पटकथेतली, आणि इथे तक्रारदारांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पेरणी नाही. मागच्या सीझनांत ती शक्य नव्हती हे ठीक, पण याच भागात पहिल्या काही मिनिटांत जागा होती. समारंभाआधी स्किनर एकटा असताना, वीस वर्षांचा सन्मान घ्यायचा म्हणून आरशासमोर टाय बांधताना, त्याला आनंदाबरोबर किंचित भीती वाटते आहे एवढं जरी दिसलं असतं, तरी कबुलीचा क्षण आकाशातून पडला नसता. प्रेक्षक म्हणाला असता, तरीच. शिवाय शेवटचा अंक धावपळीत उरकला आहे. खऱ्या सार्जंटला गाव नको म्हणतं हे दोन-तीन प्रसंगांत सांगून होतं, आणि अ‍ॅग्नेस त्याच्याबद्दल नेमका काय विचार करते ते आपल्याला फार कमी ऐकू येतं. ज्या बाईच्या निवडीवर सगळा भाग उभा आहे तिला त्या निवडीपाशी अर्धा मिनिट जास्त द्यायला हवा होता, त्यासाठी कॅपिटल सिटीच्या वाटेवरचे दोन विनोद कापावे लागले असते तरी चाललं असतं.